स्विंडनला नुसते मुक्कामाला नको, पाहायलाही या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतल्या इंग्लंड सहलीच्या लेखात स्विंडनची बोळवण एका वाक्यात झाली. मुलांकडे मुक्काम स्विंडनला ठेवा आणि पाहायला बाथ, स्टोनहेंजला जा, असा लेखकाचा सल्ला आहे. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली किती तरी गोमंतकीय कुटुंबे आज या गावात नांदतात. त्यांचे आईवडील, सासूसासरे, भाचे-पुतणे दर उन्हाळ्यात येतात, दुकाने फिरतात, लंडन करतात आणि घरापासून वीस मिनिटांवर काय आहे ते न पाहताच परततात. स्विंडनला राजवाडा नाही, समुद्र नाही, गावाचा मध्यभाग उदासवाणा आहे, हे सगळे आम्हाला मान्य. पण रेल्वेने वसवलेले गाव पायी फिरून समजून घ्यायचे असेल, तर इंग्लंडात याच्या तोडीची जागा शोधावी लागेल. त्यासाठी दोन दिवस पुरतात, मात्र आखणी नीट हवी.

आधी हे गाव इथे का, ते पाहू. लंडन ते ब्रिस्टल हा ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा मार्ग तिचा मुख्य अभियंता ब्रुनेलने आखला, पण इंजिनांच्या कारखान्यासाठी स्विंडनची जागा सुचवली ती तिच्या इंजिन विभागाचा प्रमुख डॅनियल गूच याने. १८४० मध्ये तो अवघा चोवीस वर्षांचा होता. लंडनपासून इथपर्यंत मार्ग जवळजवळ सपाट आहे, पुढे ब्रिस्टलकडे उतार-चढ तीव्र होतात. म्हणजे इंजिन बदलण्याची जागा हीच. इगतपुरी-कर्जत ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. शिवाय चेल्टनहॅमकडचा फाटा इथूनच फुटतो आणि जवळच्या कालव्यातून कोळसा आणणे सोपे होते. ब्रुनेलने सँडविच भिरकावले आणि ते पडले तिथे कारखाना उभा राहिला, ही गावात सांगितली जाणारी गंमत. कारखाना जानेवारी १८४३ मध्ये सुरू झाला, भरभराटीच्या काळात तिथे चौदा हजारांहून अधिक माणसे कामाला होती आणि १९८६ मध्ये तो बंद पडला. आज पाहायचे ते सगळे याच कारखान्याभोवती, रेल्वे स्थानकापासून चालत दहा-पंधरा मिनिटांत.

येण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पैसे आणि मनस्ताप दोन्ही इथेच वाया जातात. विमान हीथ्रोला उतरत असेल तर लंडन शहरात शिरूच नये. हीथ्रोच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून स्विंडनला थेट कोच येते. ती गैरसोयीच्या वेळी असेल तर ‘रेलएअर’ बसने रेडिंग गाठावे. ती रेडिंग स्थानकाच्या दारातच सोडते आणि तिथून स्विंडन रेल्वेने अर्ध्या तासावर आहे. पासपोर्ट तपासणी आणि सामान यांत किती वेळ जाईल याचा नेम नसतो, म्हणून विमान उतरल्यावर तासाभरात सुटणाऱ्या कोचचे तिकीट आधीच काढून ठेवू नका. पोर्तुगीज पासपोर्टवर भेटीला येणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: २ एप्रिल २०२५ पासून त्यांनाही प्रवासाआधी ‘ईटीए’ ही ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. भारतीय पासपोर्टवाल्यांना पूर्वीसारखाच व्हिसा लागतो.

लंडनहून येणाऱ्यांनी पॅडिंग्टनला गाडी धरावी. अंतर सुमारे १२४ किलोमीटर, वेळ साधारण एक तास. ब्रिस्टल, चेल्टनहॅम आणि साउथ वेल्सकडच्या बहुतेक गाड्या स्विंडनला थांबतात. पेन्झॅन्सकडची गाडी मात्र रेडिंगनंतर वेगळ्या मार्गाने जाते. पाटीवर ‘ग्रेट वेस्टर्न’ दिसले म्हणून तीत चढू नका.

सगळ्यात जास्त माणसे फसतात ती बँकेच्या कार्डावर. लंडनमध्ये चार दिवस कार्ड टेकवून फिरायची सवय लागलेली असते. पॅडिंग्टनलाही कार्ड टेकवले की फाटक उघडते आणि सारे ठीक आहे असे वाटते. पण ही सोय या मार्गावर रेडिंगला संपते. पुढच्या प्रवासाचे तुमच्याकडे तिकीटच नसते. स्विंडनचे फाटक उघडत नाही आणि दंड भरण्याची वेळ येते. स्विंडनसाठी वेगळे तिकीट काढायचेच, मग ते कागदी असो वा मोबाइलवर.

तिकिटांचे तीन मुख्य प्रकार. ‘अ‍ॅडव्हान्स’ सर्वांत स्वस्त, पण ठरलेल्या गाडीलाच चालते. गाडी चुकली की तिकीट गेले, आणि वाटेत उतरायची मुभा नाही. ‘ऑफ-पीक’ गर्दीची वेळ सोडून चालते. सोमवार ते शुक्रवार सकाळच्या गाड्यांना ते बहुधा चालत नाही, लंडनहून संध्याकाळी सुटणाऱ्या काही गाड्यांनाही नाही. नेमके निर्बंध तिकीट काढतानाच दाखवलेले असतात, ते वाचावेत. ‘एनीटाइम’ कुठल्याही गाडीला चालते आणि त्याची किंमत पाहून माणूस घरीच बसतो.

आता स्विंडनकरांची जुनी युक्ती. स्विंडन ते लंडन असे एकच तिकीट काढण्याऐवजी स्विंडन ते वाटेवरचे डिडकॉट आणि डिडकॉट ते लंडन अशी दोन तिकिटे काढली, तर पुष्कळदा बरेच पैसे वाचतात. हे पूर्ण कायदेशीर आहे. अट एकच, तुमची गाडी डिडकॉटच्या पार्कवे स्थानकाला थांबली पाहिजे. तुम्ही खाली उतरायची गरज नाही. डिडकॉटला न थांबणाऱ्या गाडीत ही जोडी घेऊन बसलात तर तपासनीस ती मानणार नाही. डिडकॉटला उतरण्याचेही एक चांगले कारण आहे, ते पुढे येईल.

भाड्यात सूट देणारे रेलकार्ड फक्त तिथल्या रहिवाशांसाठी असते, हा गैरसमज. साठी ओलांडलेल्या कोणालाही पासपोर्ट दाखवून स्थानकाच्या खिडकीवर ‘सीनियर’ रेलकार्ड मिळते. दोघांचे ‘टू टुगेदर’ही मिळते, त्याला दोघांचे फोटो लागतात, दोघांनी एकत्रच प्रवास करावा लागतो आणि कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही. नातवंडे बरोबर असतील तर ‘फॅमिली अँड फ्रेंड्स’ घ्यावे: मोठ्यांना एक तृतीयांश सूट, पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना साठ टक्के. २०२५ पासून ही कार्डे वर्षाला ३५ पौंडांना आहेत. लंडनच्या दोन-तीन फेऱ्या होणार असतील तर पैसे वसूल. ‘नेटवर्क’ रेलकार्ड मात्र स्विंडनला उपयोगाचे नाही, त्याची हद्द डिडकॉटला संपते.

गाडीत बसताना डब्यावरचे अक्षर पाहा. काही गाड्या पाच-पाच डब्यांचे दोन संच जोडून धावतात आणि एका संचातून दुसऱ्यात आतून जाता येत नाही. घाईत चुकीच्या अर्ध्यात चढलात तर आरक्षित जागा डोळ्यांना दिसेल, गाठता येणार नाही. दारेही सुटायच्या वेळेआधीच बंद होतात, म्हणून धावत फलाटावर पोहोचायचा मुंबईचा हिशेब इथे चालत नाही. गाडी पंधरा मिनिटांहून अधिक उशिरा पोहोचली तर भाड्याचा काही भाग परत मिळतो: एकेरी भाड्याच्या २५ टक्के, अर्ध्या तासावर ५० टक्के, तासावर पूर्ण. मात्र २८ दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. तिकीट कचऱ्यात टाकू नका.

रविवारी आणि सुट्ट्यांच्या काळात या मार्गावर रुळांची कामे चालतात. त्यात लंडनच्या ओल्ड ओक कॉमन इथे नवे मोठे स्थानक उभे राहत असल्याने पॅडिंग्टनची वाहतूक अधूनमधून बंद किंवा कमी होते आणि हे काही वर्षे चालेल. म्हणून शनिवारी यावे, रविवारच्या परतीची गाडी आठवडाभर आधी तपासावी. २५ डिसेंबरला गाड्या नसतातच.

राहण्याची जागा स्थानकापासून चालत असावी. ‘स्विंडन’ नावाने दिसणारी कित्येक स्वस्त हॉटेले एम-फोर महामार्गाच्या १५ आणि १६ क्रमांकाच्या निर्गमांपाशी आहेत. मोटार नसेल तर तिथून रोज टॅक्सी करावी लागते आणि वाचलेले पैसे तिथेच जातात. हे कचेऱ्यांचे गाव असल्याने शनिवार-रविवारचे दर बहुधा कामाच्या दिवसांपेक्षा उतरलेले असतात.

पहिला दिवस शनिवार धरू. स्थानकातून बाहेर पडण्याआधी फलाटावर क्षणभर थांबा. गावाची पहिली अपकीर्ती इथलीच. ग्रेट वेस्टर्नकडे पैसे नव्हते, म्हणून बांधकाम कंत्राटदारांनी स्थानक आणि कामगारांची घरे स्वतःच्या खर्चाने बांधायची आणि त्या बदल्यात उपाहारगृहाचा मक्ता घ्यायचा, असा करार झाला. प्रवाशांनी खावे म्हणून इथे गाड्या दहा मिनिटे थांबवणे बंधनकारक केले गेले. मग खाणे चांगले कशाला असेल? कॉफीबद्दल खुद्द ब्रुनेलने खवचट पत्र लिहिल्याचे प्रसिद्ध आहे. या करारातून सुटायला रेल्वेला १८९५ उजाडले आणि एक लाख पौंड मोजावे लागले. कर्जतच्या वड्याने जे कमावले ते स्विंडनच्या कॉफीने घालवले, असे म्हणायला हरकत नाही.

बाहेर पडून उजवीकडे वळा, रूळ उजव्या हाताला ठेवा आणि चालत राहा. सात-आठ मिनिटांत दगडी घरांच्या सरळ रांगा लागतात. हेच रेल्वे व्हिलेज, १८४० च्या दशकात सुरू झालेली सुमारे तीनशे घरांची कामगार वसाहत. गल्ल्यांना नावे आहेत ती गाड्या जिथे जात त्या गावांची: ब्रिस्टल, एक्झेटर, टाँटन, लंडन, ऑक्सफर्ड, रेडिंग. नुसते समोरून पाहून पुढे जाऊ नका, मागच्या बोळांतही शिरा. दर्शनी बाजू प्रवाशांना दाखवण्यासाठी होती, संसार मागच्या अंगाला. लोक आजही तिथे राहतात, तेव्हा खिडक्यांत डोकावणे टाळा. फॅरिंग्डन रोडवरचे एक घर १९०० च्या सुमारास होते तसे सजवून ठेवले आहे, पण ते मोजकेच दिवस उघडते. त्याची तारीख आधी पाहून सहल त्या शनिवारी ठेवता आली तर उत्तम.

वसाहतीच्या मधोमध एम्लिन स्क्वेअरमध्ये एक मोठी, पडझड झालेली इमारत दिसेल. १८५५ मध्ये उघडलेली ही मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन: कामगारांचे वाचनालय, व्याख्यानगृह, नाट्यगृह. कारखाना बंद पडल्यापासून ती रिकामी आहे आणि तिच्या अवस्थेची गावाला लाज वाटायला हवी. याच संस्थेने १८४९ पासून कामगारांची वार्षिक सहल सुरू केली, तिला इथे नुसते ‘ट्रिप’ म्हणत. जुलैमध्ये रेल्वे मोफत गाड्या सोडी, १९१४ साली सुमारे पंचवीस हजार माणसे एका ट्रिपला गेली आणि गाव ओस पडले. प्रवास फुकट, पण त्या दिवसांचा पगार मिळत नसे.

दुसरी मोठी गोष्ट १८४७ च्या मेडिकल फंडाची. पगारातून ठरावीक रक्कम कापून कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला डॉक्टर, औषधे, पुढे इस्पितळ आणि स्नानगृहे अशी सारी सोय होती. १९४८ मध्ये आलेल्या एनएचएसचे, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचे, बीज इथले, असे गाव अभिमानाने सांगते. मिल्टन रोडवरची १८९१-९२ ची लाल विटांची स्नानगृहांची इमारत त्याच फंडाची. तिचे नूतनीकरण चालू असल्याने आत काय खुले आहे ते आधी विचारावे, बाहेरून मात्र जरूर पाहावी.

आता एम्लिन स्क्वेअरच्या टोकाला रुळांच्या दिशेने जा. तिथे रुळांखालून जाणारा पादचारी बोगदा आहे. सहलीतली आमच्या मते सर्वांत मोलाची जागा हीच, आणि मोटारीने येऊन पलीकडच्या वाहनतळात उतरणारे नेमके हिलाच मुकतात. रोज सकाळी हजारो माणसे भोंग्याच्या तालावर या बोगद्यातून कारखान्यात शिरत. गिरणगाव आठवणाऱ्यांना तो लोंढा डोळ्यांपुढे आणायला कष्ट पडणार नाहीत. भोंगा मैलोगणती ऐकू जाई. जवळच्या लिडियार्डच्या लॉर्ड बोलिंगब्रोकने त्याविरुद्ध तक्रारही केली होती. गावाने दाद दिली नाही; भोंगा १९८६ पर्यंत वाजत राहिला.

बोगद्यापलीकडे जुन्या शेडमध्ये १९९७ पासून कपड्या-बुटांचे मोठे आउटलेट आहे आणि जवळच २००० मध्ये उघडलेले ‘स्टीम’ संग्रहालय. क्रम उलटा करू नका: आधी संग्रहालय, मग खरेदी. संग्रहालयाला अडीच-तीन तास लागतात आणि बंद होण्याच्या तासभर आधी प्रवेश थांबतो. पिशव्यांचे ओझे घेऊन चार वाजता दारात उभे राहणारे दर शनिवारी दिसतात. तिकीट ऑनलाइन काढावे आणि त्या दिवशी खास कार्यक्रम आहे का ते पाहावे. मुलांच्या कार्यक्रमाच्या दिवशी गर्दी असते, शांतपणे पाहणाऱ्यांनी तो दिवस टाळावा.

आत १९२३ चे ‘कॅरफिली कॅसल’ इंजिन आहे. पुढच्याच वर्षी ते वेम्ब्लीच्या साम्राज्य प्रदर्शनात ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या प्रसिद्ध इंजिनाच्या जोडीने मांडले होते. त्याच्या खालच्या खड्ड्यातून चालत जाता येते आणि दांडे, धुऱ्या, ब्रेक यांची मांडणी खालून दिसते. इंजिन वरून पाहणे आणि पोटाखालून पाहणे यात घर बाहेरून आणि स्वयंपाकघरातून पाहण्याइतका फरक आहे. ‘नॉर्थ स्टार’पाशीही थांबा. मूळ इंजिन १९०६ मध्ये जागा अडते म्हणून मोडीत काढले गेले आणि १९२५ च्या रेल्वे शताब्दीसाठी उरलेल्या काही भागांसह त्याची प्रतिकृती बनवावी लागली. मोडीत काढण्याची घाई ही फक्त आपल्याकडची खोड नव्हे.

संध्याकाळी टेकडीवरच्या ओल्ड टाउनला जा. रेल्वेपूर्वीचे स्विंडन ते हेच, खालचे ‘न्यू स्विंडन’ १९०० मध्ये त्याला जोडले गेले. जेवणाच्या जागा इथे खालच्या गावापेक्षा बऱ्या आहेत. स्वयंपाकघर नऊच्या सुमारास बंद होऊ शकते, म्हणून साडेसातला बसावे.

रविवारी दोनपैकी एकच निवडा. रेल्वेत रस असेल तर परतीच्या वाटेवर डिडकॉटला उतरा. तिथल्या रेल्वे सेंटरचे, म्हणजे जुन्या इंजिनांच्या संग्रहालयाचे, प्रवेशद्वार फलाटांखालच्या भुयारी मार्गातूनच आहे. ब्रुनेलची ब्रॉडगेज इथे रुळांसकट पाहायला मिळते. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, ब्रुनेलची तब्बल २,१४०. मे १८९२ मध्ये ती कायमची गेली, तेव्हा निकामी झालेली इंजिने आणि डबे उभे करायला स्विंडनला मैलोगणती जादा रूळ टाकावे लागले होते. मघाशी सांगितलेली दोन तिकिटांची जोडी इथे दुहेरी कामाला येते, फक्त ती अ‍ॅडव्हान्स नसावीत. केंद्र रोज उघडे नसते आणि उघडे असले तरी रोज वाफेचे इंजिन चालत नाही, दोन्ही तारखा तपासा. सामान लहान ठेवा.

रेल्वे पुरे झाली असेल तर एव्हबरी हे प्राचीन शिलावर्तुळाचे गाव. ४९ क्रमांकाची बस अर्ध्या-पाऊण तासात नेते. एकेरी भाड्याची कमाल मर्यादा जानेवारी २०२५ पासून ३ पौंड आहे. स्विंडनच्या मध्यावरच्या फ्लेमिंग वे या रस्त्याची पुनर्रचना झाल्यापासून शहरातले थांबे बदलले आहेत, जुन्या नकाशावर विसंबू नका. रविवारी फेऱ्या कमी, तेव्हा उतरल्याबरोबर परतीची शेवटची बस पाहून ठेवा. एव्हबरीचे शिलावर्तुळ इतके मोठे आहे की गावाचा काही भाग त्याच्या आतच वसला आहे. प्रवेश फुकट, दगडांना हात लावता येतो, मेंढ्या मधूनच चरत असतात. पावसानंतर चिखल होतो. चपला नकोत, बूट घाला.

स्टोनहेंजला स्विंडनहून थेट गाडी नाही; सॅलिसबरीमार्गे जाण्यात दिवस मोडतो. तो बेत वेगळा करावा. बाथ रेल्वेने अर्ध्या तासावर आहे, तिथे मधल्या कुठल्याही दिवशी जाता येईल.

रविवारची खरेदी डोक्यात असेल तर कायदा लक्षात ठेवा: इंग्लंडात मोठ्या दुकानांना रविवारी जास्तीत जास्त सहा तास विक्री करता येते. आणि जावई किंवा मुलगा मोटारीने फिरवणार असेल, तर फुटबॉल मैदानाजवळच्या ‘मॅजिक राउंडअबाउट’वर त्याला बोलण्यात गुंतवू नका. १९७२ पासून तिथे पाच छोटी वर्तुळे एका मधल्या वर्तुळाभोवती आहेत. बाहेरची वाहतूक घड्याळाच्या दिशेने जाते, मधली उलट. दर छोट्या वर्तुळाशी उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची आणि पुढच्या वर्तुळाचा विचार तिथे पोहोचल्यावरच करायचा.

आपले,
स्विंडनमधील काही मराठी वाचक